रात्री नऊ वाजता गाडीचं चार्जिंग का तुटतं? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत शोधलेलं कारण

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत रात्री नऊनंतर माझा फोन वाजला की तो माग बंद पडल्याचा असायचा. आता बहुतेक वेळा इलेक्ट्रिक गाडीचा असतो. "अण्णा, चार्जिंगला लावली की अर्ध्या तासात कट होतंय बघा." "काढून परत घातलं की चालू होतंय, मग परत बंद." "दुकानवाल्यानं चार्जर बदलून दिला, तरी तेच." मी पूर्व भागात वायरमनचं काम करतो. यंत्रमागाच्या मोटारी आणि घरांचं वायरिंग यातच माझं आयुष्य गेलं. या एका तक्रारीच्या मागं मी आमच्याच गल्लीत पाचेक महिने लागलो होतो. दोनदा वाटलं की सुटलं, दोन्ही वेळा ते परत आलं. शेवटी जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण हीच तक्रार मला जुळे सोलापुरातून येते, होटगी रोडवरून येते, विजापूर रोडवरून येते. प्रत्येक जण आधी चार्जरला दोष देतो, मग गाडीला, आणि शेवटी "ग्रिडच (देशभरचं वीजजाळंच) कमजोर आहे हो" म्हणून गप्प बसतो.

लक्षणं

रात्री साधारण आठ ते साडेदहा या वेळात चार्जर आपोआप बंद होतो. दिवे पिवळट पडतात, पंखा मंदावतो, फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरतो पण उठत नाही. साडेअकरानंतर कुणी काही न करता सगळं ठीक होतं. नळाला पाण्याची पाळी असेल त्या दिवशी त्रास दुप्पट, कारण घराघरातल्या मोटारी एकदमच सुरू होतात. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी डीपीवरचा (गल्लीला वीज देणाऱ्या रोहित्रावरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज जातो. लाइनमन येऊन तार बांधतो, आणि तो कोपऱ्यावर पोचेपर्यंत फ्यूज परत गेलेला असतो.

आणखी एक लक्षण होतं, ज्याकडं मी सुरुवातीला लक्षच दिलं नाही. गल्लीच्या एका अंगाची घरं रडत होती आणि समोरच्या अंगाला कुणाचीच तक्रार नव्हती.

पुढं जाण्याआधी धोक्याची खूण सांगतो, ती चुकवू नका. घरातले काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत असतील, किंवा मोठं उपकरण लावल्यावर दुसऱ्या खोलीतलं किंवा शेजारच्या घरातलं व्होल्टेज वाढत असेल, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सुटत चाललाय असं समजा. मेन स्विच बंद करा, चार्जर आणि टीव्ही काढा आणि १९१२ ला फोन लावा. न्यूट्रल पूर्ण तुटला की २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घरात येऊ शकतं, आणि मग गाडीच्या चार्जरसकट सगळं जळतं. अशा वेळी मीटर घेऊन शोध घेत बसायचं नाही.

पहिला प्रश्न: दोष घरात की घराबाहेर?

हे ठरवायला साधा मल्टीमीटर पुरतो. फक्त उघड्या भागावर हात जाणार नाही याची खात्री असेल तरच स्वतः मोजा, नाहीतर ओळखीच्या वायरमनला बोलवा.

चार्जर बंद असताना चार्जिंगच्या प्लगवर व्होल्टेज मोजा आणि लिहा. चार्जर सुरू करा, दहा मिनिटं थांबा, परत मोजा. मग तसाच चालू ठेवून मीटरजवळच्या मेन स्विचवर मोजा. मेनवर २२८ आणि प्लगवर २१२ मिळालं, तर मधले १६ व्होल्ट तुमच्याच भिंतीत जिरताहेत. मेनवरच १८० असेल, तर घरातलं वायरिंग उकरण्यात अर्थ नाही.

घरातला दोष कसा दिसतो ते एकदा जवळून बघितलं की विसरता येत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी चारचाकी घेतली. गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरचा चार्जर त्यांनी अंगणातल्या जुन्या प्लगला लावला. चौथ्या रात्री काकू म्हणाल्या, मासळी जळल्यासारखा वास येतोय. प्लगची टोपी काढली तर न्यूट्रलचं भोक तपकिरी झालेलं, आतली पितळेची पट्टी निळसर पडलेली, आणि तारेवरचं पीव्हीसी दोन बोटं लांबीपर्यंत कडक होऊन कुस्करत होतं. स्क्रू मी बोटानंच फिरवला, इतका सैल. अशा सैल जोडावर अर्धा ओहम रोध जरी आला, तरी १४ अँपिअर वाहताना तिथं जवळजवळ १०० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लगच्या पोटात शंभराचा दिवा रात्रभर जळतोय, आणि त्याला हवा जायला जागा नाही.

काकांचं म्हणणं होतं की याच प्लगवर गिझर दहा वर्षं चालला. खरंच चालला होता. पण गिझर वीस मिनिटं चालतो आणि प्लगला थंड व्हायला दिवसभर मिळतो. गाडी ३.३ किलोवॅटनं आठ-आठ तास ओढते. घरातल्या कुठल्याच उपकरणानं आजवर इतका वेळ सलग इतका करंट मागितला नव्हता.

तारेची जाडीही बघा. मेनपासून प्लग २० मीटरवर असेल आणि कुणी दिव्याचीच १ चौरस मिलीमीटरची तार पुढं ओढली असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यात पाऊण ओहमच्या जवळ रोध होतो. १४ अँपिअरला १० व्होल्ट गेले आणि तारेत १४० वॅट उष्णता झाली. चारचाकीसाठी मेनपासून स्वतंत्र ४ चौरस मिलीमीटर तार, स्वतंत्र एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि चांगला औद्योगिक सॉकेट, यात काटकसर करू नका. स्कूटरला ६०० ते ९०० वॅट लागतात, तिला २.५ ची तार भरपूर झाली.

अर्थिंगचं आपल्याकडं वेगळं दुखणं आहे. सोलापूरचा उन्हाळा जमिनीतली ओल शोषून घेतो, मुरमाडात पुरलेला अर्थिंगचा खड्डा एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत पडतो आणि रोध वाढतो. बऱ्याच गाड्यांचे चार्जर सुरू होण्याआधी अर्थ तपासतात आणि तो नीट नसला तर चार्जिंगच घेत नाहीत. लोकांना वाटतं गाडी बिघडली. खड्ड्यात दोन घागरी पाणी घालून बघा, मग दुरुस्तीला न्या. आणि काही जण न्यूट्रलवरून अर्थला तार टाकून चार्जरला फसवतात. असं कुणी सुचवलं तर त्याला घरात घेऊ नका. न्यूट्रल सुटला की त्याच तारेतून गाडीच्या अंगावर वीज येते.

आमच्या गल्लीचं दुखणं बाहेरचं निघालं

माझ्या स्वतःच्या घरी मेनवरच व्होल्टेज पडत होतं, म्हणून मी एक वही केली. पाच घरं निवडली, दोन्ही अंगांची, डीपीजवळचं एक आणि टोकाचं एक. दुपारी तीन, रात्री नऊ आणि रात्री साडेअकरा, अशा तीन वेळा. टोकाच्या घरातल्या अक्कांच्या मुलाला मीटर धरायला शिकवलं, तो अकरावीत आहे. माझ्यापेक्षा नेमानं त्यानंच नोंदी ठेवल्या.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. दुपारी सगळीकडं २३० च्या आसपास. रात्री नऊला टोकाच्या घरात १७८, आणि त्याच क्षणी समोरच्या अंगाला २३८. कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्के वरखाली चालतं असं धरलं जातं, म्हणजे २३० ला साधारण २१६ ते २४४. एक अंग त्याच्या कितीतरी खाली, दुसरं अंग आरामात.

याच वेळी मी आणखी एक आकडा बघितला आणि तिथंच माझा अर्धा गुंता सुटला. बऱ्याच मल्टीमीटरवर हर्ट्झ, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लाटा), मोजायची सोय असते; ती ५० असायला हवी. व्होल्टेज १७८ असताना मी बटण फिरवलं, आणि आकडा ४९.९ आणि ५०.० च्या मध्ये हलत राहिला. ग्रिड ठणठणीत होतं.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण ग्रिडवरची सगळी चर्चा इथंच भरकटते. फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाची एकच असते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली, दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या भारताशी जोडलं गेलं आणि तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठोका चालतो. तो सांधा आपल्या सोलापुरात पडला, याचा मला आजही अभिमान वाटतो. देशात मागणी आणि निर्मितीचा तोल गेला तर हा ठोका ५० वरून हलतो. त्याला ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवणं हे भार प्रेषण केंद्रांचं रोजचं काम. व्होल्टेजचं तसं नाही. ते तुमच्या सबस्टेशनपासून, डीपीपासून, गल्लीच्या तारेपासून आणि शेवटच्या जोडापर्यंत ठरतं. म्हणून रात्री दिवे मंद झाले की आधी हर्ट्झ बघा. ते ५० च्या जवळ असेल तर ग्रिडचं नाव काढू नका, दुखणं तुमच्या सबस्टेशनपासून घरापर्यंतच कुठंतरी आहे.

डीपीवर काय सापडलं

वही घेऊन आम्ही सात-आठ जण वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. त्याआधी तीनदा तोंडी तक्रार केली होती आणि तिन्ही वेळा फक्त फ्यूजची तार बदलली गेली होती. या वेळी तारीख-वेळ-व्होल्टेज लिहिलेली पानं समोर ठेवल्यावर कनिष्ठ अभियंत्यांनी माणूस पाठवला. रात्री नऊला त्यानं डीपीच्या पेटीत प्रत्येक तारेवर क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा) लावला. हे काम त्यांचंच, डीपीला खासगी वायरमननं किंवा गल्लीतल्या कुणी हात लावायचा नाही.

आमची डीपी १०० केव्हीएची (केव्हीए हे तिच्या क्षमतेचं माप). अशा रोहित्रातून तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन तारा (आर, वाय, बी), निघतात आणि एका फेजवर पूर्ण लोडला १३३ अँपिअर अपेक्षित. आर फेजवर निघाले १५०, वाय वर ८०, बी वर ६०. न्यूट्रलवर ८५ च्या वर. तिन्ही मिळून बेरीज २९०, म्हणजे डीपीची क्षमता अजून शिल्लक होती. एका फेजवर मात्र गल्लीच्या त्या रडणाऱ्या अंगाचा बहुतेक भार बसला होता. तीन बैलांच्या मोटेत एकाच बैलाच्या मानेवर ओझं आलं तर तो आधी बसणारच.

हे झालं कसं? पूर्वी गल्लीतला मोठा लोड मागांचा होता. मागाच्या मोटारी थ्री फेजवर चालतात, त्या तिन्ही फेजवर सारख्या बसतात. घरांचा लोड इतका किरकोळ होता की कुठलं घर कुठल्या फेजवर आहे याला महत्त्व नव्हतं. मग काही माग बंद झाले, त्यांच्या शेडमध्ये ई-रिक्षा उभ्या राहू लागल्या. एका शेडमध्ये नऊ रिक्षा, प्रत्येकीचा चार्जर किलोवॅटच्या आसपास, सगळ्या सिंगल फेजवर, आणि सगळ्या रात्री आठ-साडेआठला परत येऊन एकदम लागायच्या. त्यातच त्या अंगाला वीसेक स्कूटर. रिक्षावाल्या भावाची यात काही चूक नव्हती, त्यानं मंजूर लोड वाढवून घेतला होता, पैसे भरले होते. फेज कुणी बघितला नव्हता.

न्यूट्रलचं थोडं सविस्तर सांगतो. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये करंट एकमेकांना मारतो आणि जवळजवळ काही उरत नाही. लोड तिरका झाला की फरकाचा सगळा करंट न्यूट्रलला वाहावा लागतो. शिवाय स्वस्त चार्जर करंट सरळ लाटेत ओढत नाहीत, लाटेच्या शेंड्यावर गचके मारत ओढतात. त्या गचक्यांमधला १५० हर्ट्झचा भाग तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये साठतो, तो एकमेकांना मारत नाही. आणि जुन्या लाइनींवर न्यूट्रलची तार फेजच्या तारेपेक्षा बारीक टाकलेली असते. आमच्या डीपीवर न्यूट्रलचा जोड नुसता पिळून बांधलेला होता. त्यावर पांढरी भुकटी साठलेली आणि शेजारचं इन्सुलेशन पाघळलेलं. आणखी एक उन्हाळा तो टिकला नसता.

चार्जर दिव्यासारखा वागत नाही

हे कळल्याशिवाय व्होल्टेज असं धाडकन का कोसळतं ते समजत नाही. जुना तारेचा दिवा व्होल्टेज कमी झालं की कमी करंट घ्यायचा. मंद व्हायचा, पण त्यामुळं लाइनला आपोआप आराम मिळायचा. आजच्या स्कूटर आणि कारचे इलेक्ट्रॉनिक चार्जर ठरलेली पॉवर घेतातच. ७५० वॅटचा चार्जर २३० व्होल्टला सव्वातीन अँपिअर घेतो, १७५ व्होल्टला सव्वाचार. व्होल्टेज पडलं की तो जास्त ओढतो, जास्त ओढला की व्होल्टेज आणखी पडतं. एका हद्दीनंतर चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. त्याच वेळी गल्लीतले दहा-बारा चार्जर बंद होतात, व्होल्टेज झटक्यात वर येतं, मग सगळे परत सुरू होतात. "काढून परत घातलं की चालू होतंय" या तक्रारीमागं हेच चक्र असतं.

म्हणूनच चार्जरसाठी स्टॅबिलायझर घ्यायचा सल्ला मी देत नाही. स्टॅबिलायझर तुमच्या प्लगवर २३० देतो खरा, पण त्यासाठी गल्लीच्या तारेतून आणखी करंट खेचतो आणि शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी पाडतो. मग शेजारी घेतो, मग त्याचा शेजारी. एका गल्लीत मी असे सहा स्टॅबिलायझर मोजले, आणि टोकाच्या घरात १६० सुद्धा मिळत नव्हतं.

दुरुस्ती, पहिली फेरी

वीज कंपनीच्या माणसांनी आर फेजवरची पंधरा घरं बाकीच्या दोन फेजवर वाटली. रिक्षाच्या शेडला थ्री फेज कनेक्शन घेतलं, तीन-तीन रिक्षा एकेका फेजवर. न्यूट्रलचा जोड कापून नवा लग (तारेच्या टोकाचं धातूचं टोपण) दाबून बसवला. परत मोजलं तर तिन्ही फेज नव्वद ते शंभरच्या दरम्यान, टोकाच्या घरात २१८. अक्कांनी आम्हाला शेंगाची पोळी खायला बोलावलं.

तीन आठवडे शांततेत गेले.

परत आलं, आणि या वेळी फ्यूजच्या रूपात

मे महिन्याच्या मध्यात एका वळवाच्या पावसात फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाइन) गेला, तासाभरानं आला आणि दोन मिनिटांत डीपीचा फ्यूज उडाला. बसवला, परत उडाला. तिसऱ्यांदाही.

एरवी गल्लीतले फ्रिज, कूलर, पाण्याच्या मोटारी आणि चार्जर आळीपाळीनं चालतात. कुणाचा फ्रिज थांबलेला असतो, कुणाची गाडी भरत आलेली असते आणि कमी ओढत असते. तासभर वीज गेली की ही आळीपाळी मोडते. वीज आल्याच्या क्षणी सगळे फ्रिज तापलेले, सगळे कूलर चालू आणि सगळ्या गाड्या भुकेल्या. सगळे एकदम ताटावर बसतात. चार्जर येण्याआधीही हे व्हायचं, पण तेव्हा फ्यूज निभावून न्यायचा.

यावर उपाय तारेचा नाही, माणसांचा आहे. गल्लीत ठरवलं की वीज गेली की चार्जरचं बटण बंद करायचं. आल्यावर सम क्रमांकाच्या घरांनी वीस मिनिटांनी आणि विषम क्रमांकाच्या घरांनी चाळीस मिनिटांनी लावायचं. व्हॉट्सॲपवर एक निरोप जातो, तेवढं पुरतं. पुढच्या खेपेला फ्यूज एकदाच बसवावा लागला.

फ्यूज सारखा जातो म्हणून तिथं जाड तार बांधण्याचा आग्रह लाइनमनला करू नका. तो फ्यूज रोहित्राला वाचवतो. सोलापुरात दिवसा पारा ४२-४३ ला जातो आणि रात्री दहालाही डीपीची टाकी हाताला चटका देते. रोहित्राच्या वेटोळ्यांवर कागदाचं इन्सुलेशन असतं. आतल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान ९८ अंशांच्या पुढं गेलं की दर सहा अंशांना त्या कागदाचं आयुष्य निम्मं होतं. पूर्वी रात्र ही डीपीची विश्रांती होती, आता गाड्या तिला ती मिळू देत नाहीत.

तिसऱ्यांदा, आणि ही चूक आमचीच

संध्याकाळचा भार हलवायचा म्हणून मी सगळ्यांना टायमर लावायला सांगितलं. अनेक स्कूटरच्या ॲपमध्येच वेळ लावता येते, बाकीच्यांना १६ अँपिअरचा टायमर बसवून दिला. सगळ्यांनी सोयीची म्हणून रात्री अकराची वेळ लावली. आठवड्याभरात अक्कांचा मुलगा वही घेऊन आला. नऊला २२४ होतं. अकरा वाजून एक मिनिटानं १९०.

पूर्वी लोक घरी येतील तसे लावायचे, तेव्हा निदान तासाभरात विखरून लागायच्या. मी त्यांना एका मिनिटात गोळा केलं होतं. मग घरं तीन गटांत वाटली: पहिला गट अकराला, दुसरा पावणेएकला, तिसरा अडीचला. स्कूटर तीन-चार तासांत भरते, सकाळी साडेसहापर्यंत सगळ्या तयार. तुमच्या सोसायटीत टायमर लावणार असाल तर ही विखुरणी पहिल्या दिवसापासून करा. रात्री स्वस्त दर मिळाला की सगळ्यांचे टायमर त्याच मिनिटाला सुटतात, हा अनुभव परदेशातही आलेला आहे.

मग ग्रिडला धोका आहे की नाही?

हिशोब करून बघू. एक लाख स्कूटर एकाच क्षणी ७५० वॅटनं चार्ज झाल्या तर ७५ मेगावॅट होतात. आपल्या दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, १३२० मेगावॅट. एक लाख स्कूटरना त्याच्या सहा टक्केसुद्धा लागत नाहीत. ग्रिड पडतं तेव्हा कसं दिसतं ते देशानं ३० आणि ३१ जुलै २०१२ ला बघितलं, उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. गल्लीत १७८ व्होल्ट मिळणं ही त्या जातीची गोष्ट नव्हे.

पण म्हणून ग्रिडचा विचारच करायचा नाही असंही नाही. काळजी वेळेची आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सहा-सातला ती संपते, आणि नेमक्या त्याच वेळी दिवे, कूलर, स्वयंपाक आणि गाड्या सगळं एकदम लागतं. तो चढ कोळशाच्या संचांना आणि १९६० मेगावॅटच्या कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांना भरून काढावा लागतो. कोळशाचा संच बटण दाबल्यासारखा वर येत नाही. गाड्या दहापट झाल्या आणि सगळ्या आठलाच लागल्या, तर हा चढ आणखी उभा होईल. जलद चार्जरचं आणखी वेगळं. ६० किलोवॅटचा एकच चार्जर आमच्या गल्लीच्या अर्ध्याहून जास्त डीपी खातो आणि तो क्षणात चालू-बंद होतो, म्हणून त्याला स्वतंत्र रोहित्रच हवं. सोसायटीच्या डीपीवर तो जोडायला कुणी तयार असेल तर लेखी विरोध करा.

आपल्या शहराला यात एक सोय आहे, ती आपण वापरत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी एक ते चार नवी पेठ सुद्धा ओस पडते, रिक्षाला भाडं नसतं. शेडच्या सावलीत रिक्षा तेव्हा लावल्या तर रात्री निम्मंच चार्जिंग उरतं. शेडवाल्या रिक्षावाल्या भावानं आता नऊपैकी पाच रिक्षा दुपारी लावायला सुरुवात केलीय. लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, म्हणून पत्र्याखाली पंखा आणि खिडकी उघडी ठेवायला मी त्याला बजावलंय. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. मागाच्या कारखानदारांनी कामगारांच्या स्कूटरसाठी दिवसा चार-सहा प्लग दिले तर फारच चांगलं होईल, तिथं थ्री फेज आधीच आहे आणि छतावर सौर पॅनेललाही जागा आहे. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या युनिटला दर कमी लागतो का ते बिलावर बघा. वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत सौर तासांचा (दिवसाचा) दर किमान वीस टक्के कमी ठेवायला सांगितलंय.

तक्रार अशी करा

"लाइट डिम होते" एवढंच लिहिलं तर फ्यूज बदलून जातात. पंधरा दिवसांच्या नोंदी द्या, तारीख आणि वेळेसह. दोन्ही अंगांच्या घरांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा. डीपीचा क्रमांक लिहा, तो खांबावर रंगवलेला असतो. मागणी नेमकी करा: रात्री नऊ वाजता तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट मोजावा, घरं फेजवर समान वाटावीत, न्यूट्रलचे जोड तपासावेत. अर्जावर पोच घ्या. आधी १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांकही त्यात टाका. उत्तर मिळालं नाही तर वीज कायदा २००३ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यापुढं विद्युत लोकपाल आहे. चारचाकी घेताय तर वाढीव लोडचा अर्ज गाडी दारात येण्याआधी करा. गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क २०२४ च्या नियम दुरुस्तीनं दिलाय. लोड न सांगता चार्जिंग करणारा माणूस डीपीच्या कागदावर दिसतच नाही, आणि मग मोठी डीपी मंजूर व्हायला आधार राहत नाही.

आमच्या गल्लीत अजून एक गोष्ट बाकी आहे. पाण्याची पाळी संध्याकाळी आली की टोकाच्या तीन घरांत अजूनही २०९ पर्यंत उतरतं. मोटारी एकदम उठतात आणि त्या अंगाची तार जुनी, बारीक आहे. जाड केबलचा अर्ज दिलाय, पाहणी होऊन गेली. तोपर्यंत पाणी येईल त्या रात्री पहिला गट अकराऐवजी बाराला गाडी लावतो, आणि अक्कांचा मुलगा वहीत नोंद करतो.